मोरीत ओतलेलं पाणी

"पण आक्का, तुम्ही त्यात घालता तरी काय?"

विश्रामनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मठात रांधणाऱ्या सगुणाक्का लसूण ठेचत होत्या. ठेचतच राहिल्या.

विश्राम गावडे म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. मोठ्या हॉटेलातला मुख्य आचारी. डोक्यावर उंच पांढरी टोपी, हाताखाली बारा माणसं, आणि नाक कायम वर. असा माणूस भर दुपारी घाट चढून मठाच्या चुलीपाशी आला होता, आणि तेही कशासाठी? बाजारातल्या सगळ्यात स्वस्त पाकिटातल्या नूडल्ससाठी.

कारण होते त्याचे वडील. गेल्या महिन्यात ते मठात आले, तेव्हा कुणा भक्तानं पाकिटांचं खोकं वाहिलेलं. म्हणून पंगतीला नूडल्स. म्हाताऱ्यानं ताट पुढं केलं आणि म्हणाला, "आणखी वाढा."

मुलानं अठरा वर्षं काय काय रांधून घातलं. बाप वाढलं तेवढं खायचा आणि हात धुवायला उठायचा. 'आणखी' म्हणून मुलाला कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

उद्या वडील त्याच्या घरी जेवायला येणार होते. उद्या तो शब्द ऐकायचाच, अशा ईर्ष्येनं तो आला होता. सोबत ही भली मोठी पिशवी. चीज, लोणी, अळंबी, तीन तऱ्हेचे सॉस…

"तू कर," आक्का म्हणाल्या. "मी बघते."

विश्रामनं बाह्या सरसावल्या. पाकीट फोडलं. आतली मसाल्याची पुडी नाक मुरडून बाजूला भिरकावली. नूडल्स उकडले आणि मोरीवर चाळण धरली.

पाणी ओतणार, तोच आक्कांनी चाळणीखाली पातेली सरकवली.

"आक्का, ते टाकायचं पाणी."

"कुणी सांगितलं?"

"आम्हाला तसंच शिकवलंय. ओतून द्यायचं, वर गार पाणी मारायचं. नाहीतर चिकटतात."

"बरं…"

त्याचा हात पिशवीच्या गाठीकडे गेला. आक्कांनी नुसता तळवा दाखवला. तो बसला.

लोखंडी कढईत तेल तापलं. लसूण तांबूस झाला. आक्कांनी भिरकावलेली पुडी शोधून फोडली आणि मसाला थेट तेलात सोडला. दोनदा उलथनं फिरवलं, आणि असा काही वास उठला की विश्राम ताडकन उभाच राहिला.

मग ते पातेलीतलं पेजेसारखं पिठूळ पाणी. चर्रर्र. बघता बघता रस दाटला. त्यात त्याचेच गार पडलेले नूडल्स. वर झाकण. मिनिटभर…

त्या एका मिनिटात विश्राम चार वेळा झाकणाकडे वाकला. सणावाराला पोरं घुटमळतात ना चुलीभोवती, अगदी तसा.

आक्कांनी वाढलं, विश्रामनं ताट बोटानं निपटलं. त्याचा हात पुढं कधी झाला, ते त्यालाही कळलं नाही.

"आणखी…"

म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

आक्कांनी पळी उचलली. मग कोपऱ्यातल्या पिशवीकडे बघितलं. गाठ होती तशीच होती.

"वाढते की. आधी सांग, त्यातलं काय काय घालू?"