भुणीचं साखरपाणी

डोंगरावर एक गाव. गावात अनसूकाकू. काकूच्या परसात लाकडी पेटी. पेटीत मधमाश्या. सगळ्यांत छोटी भुणी.

थंडी सरत आली होती. पण फुलं अजून नव्हती. पेटीत मधही नव्हता. गेला कुठे? काकूने काढला, भाकरीशी खाल्ला. बोटंसुद्धा चाटली!

माश्या म्हणाल्या, "जांभूळ फुलेपर्यंत जगायचं कसं?"

"थांबा, मी बघते!" भुणी निघाली. भुण भुण भुण.

"काकू, काकू, आमचा मध तू खाल्लास. आता साखरपाणी दे ना!"

काकू गोधडीतूनच म्हणाली, "देईन गं बाई! पण पाणी बघ किती गार. चूल पेटली तर देईन."

भुण भुण भुण.

"चूलबाई, पेट ना!
काकू साखरपाणी देईना,
पोट आमचं भरेना!"

चूल म्हणाली, "पोटात नुसती राख. लाकूड आलं तर पेटेन."

भुण भुण भुण.

"लाकूडदादा, हल ना!
चूल पेटेना,
काकू साखरपाणी देईना,
पोट आमचं भरेना!"

लाकूड म्हणालं, "हलू कसं? अंगावर मांजर निजलीय. ती उठली तर हलेन."

भुण भुण भुण.

"मांजरबाई, ऊठ ना!
लाकूड हलेना,
चूल पेटेना,
काकू साखरपाणी देईना,
पोट आमचं भरेना!"

मांजरीने एक डोळा उघडला. "कोंबडा आरवला तर उठेन." डोळा मिटला.

भुण भुण भुण.

"कोंबडेदादा, आरव ना!
मांजर उठेना,
लाकूड हलेना,
चूल पेटेना,
काकू साखरपाणी देईना,
पोट आमचं भरेना!"

कोंबडा म्हणाला, "सूर्य आला तर आरवेन."

भुण भुण भुण.

"सूर्योबा, ये ना!
कोंबडा आरवेना,
मांजर उठेना,
लाकूड हलेना,
चूल पेटेना,
काकू साखरपाणी देईना,
पोट आमचं भरेना!"

धुक्यातून सूर्य म्हणाला, "कोंबडा आरवला तर येईन. रोज तोच उठवतो मला!"

अरेच्चा! भुणीने सहाच्या सहा पाय कमरेवर ठेवले.

"हा म्हणतो तो आधी. तो म्हणतो हा आधी. बघतेच आता!"

गेली परत. हळूऽऽच. शिरली कोंबड्याच्या तुऱ्याखाली. नांगी मारली? छे! नुसती गुदगुली. आणि कानात,

"भुंऽऽऽ!"

"कुकूच्चकूऽऽ!"

कोंबडा आरवला!
सूर्य दचकून वर आला.
मांजर टुणकन उठली.
लाकूड गडगड आलं.
चूल धडधड पेटली.

काकूने पाणी कोमट केलं. साखर घातली, ढवळली. वाटीत ओतलं. वर काड्या टाकल्या. का? माश्या बुडू नयेत म्हणून. वाटी ठेवली पेटीत.

चुट् चुट् चुट्. वाटी रिकामी!

काकू म्हणाली, "चुकलंच माझं. आता जांभूळ फुलेपर्यंत रोज एक वाटी. बरं का?"

पेटीतून आवाज आला, "दोऽऽन!"

काय करते काकू? रोज दोन भरल्या.

आणि एक दिवस जांभूळ फुललं.

पोटं झाली तट्ट,
गोष्ट मिटली घट्ट!