तक्त्यात नसलेली नर्स

नलू टेंभुर्णे सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाली होती. तिची सकाळची ड्यूटी कुणीतरी परस्पर रात्रीवर टाकली, पण तिला कळवलंच नाही. ती आपली सकाळीच येऊन बालविभागात राबत होती.

राउंडला आलेल्या अधीक्षक कारखानीसांनी तिला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. “माझा ड्यूटीचा तक्ता चुकत नाही. तक्त्याप्रमाणे तुम्ही आत्ता इथे नाहीतच!”

कडेवरचं किरकिरं बाळ सावरत नलू म्हणाली, “सर, मी इथे नाहीच, तर तुम्ही रागावताय कुणावर? आणि या बाळाला धरलंय कुणी?”

बाळाची आई खुदकन हसली. साहेबांनाही हसू फुटलं.

“आहात सिस्टर, इथेच आहात. आता रात्री मात्र येऊ नका, घरी जाऊन झोपा.”