तांदळात लिहिलेली नोंद

एका गावात एक भोळा गडी होता. नाव वैजनाथ, पण सगळे वैजूच म्हणत. वैजूत एकच खोड होती. त्याला एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे.

त्याची थोरली बहीण अक्का हुशार. संगणकाचं शिकलेली, घरी बसून कामं घ्यायची. गावात सुलभाकाकूंचं वधूवर मंडळ होतं. मुलामुलींच्या नोंदींचे कागद काकूंच्या कपाटात मावेनात. म्हणून अक्काने सी भाषेत एक लायब्ररी करायला घेतली. लायब्ररी म्हणजे हत्यारांची पेटीच. कुणीही उचलावी आणि आपली नोंद वाचावी, लिहावी.

वाचण्या-लिहिण्याचा भाग अक्काने वैजूला दिला. सी भाषा तिनेच त्याला शिकवली होती. काकू म्हणाल्या, "काम नीट कर वैजू, मग तुझं स्थळ मी स्वतः बघते. पण काम बिघडलं तर माझ्या मंडळात तुझी नोंदसुद्धा ठेवायची नाही." वैजूचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. आई नवस बोलून दमली होती. तेव्हा वैजू कंबर कसून बसला.

अक्का म्हणाली, "नोंदीत पाच गोष्टी. नाव, वय, शिक्षण, अपेक्षा, गाव. दोन गोष्टींच्या मधे स्वल्पविराम. स्वल्पविराम दिसला की पुढची गोष्ट सुरू झाली असं धरायचं. समजलं?"

"समजलं," वैजू म्हणाला. आणि त्याला खरंच समजलं होतं. तीच तर पंचाईत.

एका मुलाने अपेक्षेत लिहिलं, 'शांत, हसरी'. वैजूच्या कोडने शांत ही अपेक्षा धरली आणि हसरी हे गाव. एका मुलीचे वडील त्याला जावई म्हणून बघायला निघाले. दिवसभर एसटी बदलत ते हसरी गाव शोधत फिरले. ज्याला विचारावं तो हसे. संध्याकाळी ते सुलभाकाकूंच्या दारात आले, तेव्हा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तोंडावरचा ताबा सुटला होता.

अक्काने कपाळावर हात मारला. "अरे वैजा, आतल्या मजकुरातही स्वल्पविराम असतो! असा मजकूर अवतरणचिन्हात घालायचा. चिन्ह उघडलं की ते मिटेपर्यंत आत काहीही येवो, तोडायचं नाही. समजलं?"

"समजलं."

मग एका मुलीच्या वडिलांनी लिहिलं, मुलगा "निर्व्यसनी असावा. चिन्ह उघडलं आणि मिटायला विसरले. वैजूचं कोड ते मिटायची वाट बघत पुढे पुढे वाचत गेलं. पुढच्या मुली आल्या, त्यांची वयं आली, शिक्षणं आली, गावं आली. सगळं त्या एकीच्याच अपेक्षेत जमा झालं. काकू मुलाच्या आईला वाचून दाखवायला लागल्या. "मुलीची अपेक्षा आहे, मुलगा निर्व्यसनी असावा, मालती, बी.ए., द्वारका, दहावी, यमुना, शिवणकाम..."

मुलाची आई उठलीच. "एका सुनेमागे एवढ्या जणी येणार असतील तर आमचं घर नाही पुरायचं बाई."

अक्का म्हणाली, "वैजा, मर्यादा नको का? सीमध्ये मजकुरासाठी आधी जागा ठरवून घ्यायची असते. भांडं भरलं की ओतणं बंद. समजलं?"

"समजलं."

पुढची नोंद देवळातल्या पुजाऱ्याच्या मुलाची. बापाने कौतुकाने लिहिलं होतं, 'मुलाला तंबाखू, दारू, पत्ते यांचं व्यसन कधी नव्हतं आणि नाही.' व्यसन या शब्दापाशी भांडं भरलं. वैजूने ओतणं बंद केलं. मंडळाच्या फळ्यावर लागलं, 'मुलाला तंबाखू, दारू, पत्ते यांचं व्यसन.' पुजारीबुवा पळीपंचपात्र हातात घेऊन तसेच धावत आले. येता येता त्यांनी अर्ध्या गावाला सांगितलं की असं काही नाही. त्यामुळे ज्यांनी फळा वाचला नव्हता त्यांनाही कळलं.

अक्का म्हणाली, "अर्धवट नोंद विषासारखी रे! नोंद लिहायची तर पूर्ण लिहायची. जागा पुरली नाही तर जागा वाढवून घ्यायची, पुन्हा नाही पुरली तर पुन्हा वाढवायची, पण मधेच थांबायचं नाही. समजलं? आता जा, बुवांची नोंद दुरुस्त कर."

वैजूने फाइल लिहायला उघडली. सी भाषेत फाइल नुसती लिहायला उघडली की आधीचं सगळं पुसलं जातं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं वैजू करत नसे की टाळत नसे. त्याने बुवांच्या मुलाची नोंद पूर्ण लिहिली. जागा वाढवून घेतली. अवतरणचिन्ह उघडलं आणि मिटलं. काम अगदी चोख झालं. फक्त मंडळात त्या मुलाशिवाय दुसरं कुणी उरलं नाही.

सुलभाकाकू मटकन खाली बसल्या. नशीब, जुन्या नोंदी अक्काकडे होत्या. त्या दिवशी अक्काला रडू आलं. काकूंनी काम काढून घेतलं असतं तर भावाचं लग्नही गेलं असतं. तिने वैजूचे दोन्ही कान धरले. "माझी शपथ आहे तुला. लिहिलेलं काहीही पुसण्याआधी त्याची प्रत काढायची. आधी प्रत, मग पुसणं. जन्मात विसरू नकोस."

"नाही विसरणार," वैजू म्हणाला. कानांना झिणझिण्या येत होत्या, त्यामुळे हे जरा जास्तच पक्कं बसलं.

त्यानंतर मात्र लायब्ररी सुरळीत चालली. काकू शब्दाच्या पक्क्या. त्यांनी शेजारगावच्या केशरचं स्थळ आणलं. बघायला जाताना अक्काने बजावलं, "तिथे तोंड उघडू नकोस." पण पोहे देऊन केशर बसली, तिने नाव सांगितलं, वय सांगितलं, शिक्षण सांगितलं, आणि वडीलधारी मंडळी थेट मानपानावर आली. वैजूला राहवेना. नोंद अर्धवट राहत होती.

"अपेक्षा?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी वळून वैजूकडे बघितलं. मुलीला असं कुणी विचारत नसे. केशरने मान वर केली. "एकदा सांगितलेलं ऐकणारा नवरा हवा. सारखं सारखं सांगायला, भांडायला मला जमायचं नाही."

अक्काने डोळे मिटून घेतले. हे वर्णन वैजूचंच होतं, नाही म्हणायची सोयच नव्हती. वैजू म्हणाला, "मी ऐकतो." लग्न ठरलं.

लग्न लागलं, वरात घरी आली, केशरने माप ओलांडलं. परसात गावजेवणाच्या भाताचं आधण चढलं होतं. अक्का अंगणात पाहुण्यांच्या सरबराईत होती. आत लक्ष्मीपूजन झालं. भटजींनी ताटात तांदूळ पसरले, वैजूच्या हातात अंगठी दिली आणि म्हणाले, "सुनेचं नाव लिहा."

"नुसतं नाव?" वैजूने विचारलं. "अर्धवट?"

भटजींना भूक लागली होती. "पूर्ण लिहा हो, पण आवरा."

वैजूने नाव लिहिलं. ताट भरलं. वय मावेना. जागा पुरली नाही तर वाढवून घ्यायची. तो परसात गेला, तांदळाचं एक पोतं खांद्यावर घेऊन आला आणि माजघरात ओतलं. मग दुसरं आणलं. मुलीकडच्यांना वाटलं, यांच्याकडे अशी रीत असेल. मुलाकडच्यांना वाटलं, हे मुलीकडच्यांनी मागितलं असेल. लग्नात रीत म्हटली की कोण विचारतो? दोघा-चौघांनी तर पोती उचलायला हात लावला. शिक्षण माजघरात संपलं. अपेक्षा अवतरणचिन्हात घालून ओसरीपर्यंत गेली. वैजूने चिन्ह आठवणीने मिटलं आणि दारात गाव लिहिलं.

तेवढ्यात आचारी ओरडत आला. "अहो, आधण आटत आलं! तांदूळ कुठायत?"

अक्का धावत आत आली. पाय ठेवायला जागा नव्हती. "वैजा! गावजेवणाचे तांदूळ?"

"लिहिले," वैजू म्हणाला.

बाहेर पानं मांडलेली, पानांवर मीठ-लिंबू वाढलेलं, गाव मांडी घालून बसलेलं. आईने पदर तोंडाला लावला. केशरचे वडील लाल झाले. "पोरी, असल्या घरात राहायचं नाही. चल परत."

केशर ओसरीवर वाकून वाचत होती. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "बाबा, मी बोललेलं आजवर कुणी एवढं पूर्ण लिहून घेतलं नव्हतं. मी इथेच राहते."

अक्काच्या जिवात जीव आला. "मग वैजा, उभा काय राहिलास? हे पूस आधी! पूस आणि तांदूळ आचाऱ्याला दे, लोक उपाशी बसलेत!"

वैजू लगेच वाकला. हात तांदळाला लावणार, तोच थांबला. त्याने दोन्ही कान चाचपून बघितले.

"पुसतो की अक्का," तो म्हणाला. "पण आधी प्रत काढायची ना? तेवढेच तांदूळ आणखी मागव."