चिडाची रोपं आणि दगडातलं स्फुरद

एका राज्यात मी खरं सांगत होते आणि एकाचाही माझ्यावर विश्वास बसला नाही. मी येसा, राजाची माळीण. म्हणत होते, रोपांना शाप नाही, ती उपाशी आहेत.

बोडक्या डोंगरासाठी सुईसारख्या पानांच्या चिडाची हजार रोपं वाफ्यात वाढवायची होती. वाढतात कसली! बोटाएवढीच राहिली, पानं जांभळी. राजा रिपुंजयानं हुकूम सोडला, "तीन पौर्णिमांत हिरवी झाली नाहीत, तर माळणीचं मुंडकं उडवा."

मांत्रिक धूम्राक्ष खदखदून हसला. "माळणी, चीड लावतेस की नुसती चीड आणतेस?"

"तुमच्या मंत्रानं एक तरी पान हिरवं झालं का, बुवा?"

तेवढ्यात कुंपणावर सुतारपक्षी बसला. त्या राज्यात पक्षी बोलत. म्हणाला, "येसाबाई, यांचं अन्न स्फुरद. ते दगडात कोंडलंय, कोवळ्या मुळाला सुटत नाही. जुन्या चिडाखालची माती आण. त्याला विचारून घे, तिला ऊन दाखवू नकोस, धुऊ नकोस."

सात डोंगर तुडवले. म्हातारा चीड म्हणाला, "माझ्या मुळाशी सोनंही आहे. नेतेस?"

"रोपं सोनं खातात का?"

"घे माती."

मातीत केसाहून बारीक पांढरे धागे होते. बुरशीच ती. ओल्या फडक्यात बांधून आणली. वेशीवर पहारेकरी आडवा आला. "कुजकी माती? धुऊन ने."

"तू आधी तोंड धू," म्हणाले आणि आत शिरले.

माती मुळांशी घातली. धागे मुळांना बिलगले, दगडांवर आंबट लाळ सोडू लागले. दगड झिजले, स्फुरद सुटलं. धाग्यांनी ते मुळांना दिलं, मुळांनी त्यांना गोड रस पाजला. तिसऱ्या पौर्णिमेला वाफे हिरवेगार! मी मानेवरून हात फिरवला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

राजा प्रधान, कारकून आणि धूम्राक्षाला घेऊन बघायला आला. "हे धागे आमच्या मातीत का नव्हते?"

"होते, महाराज. पेरणीआधी माती भाजायला लावली, त्यात मेले. मी नको म्हणत होते."

"कुणी लावली?"

धूम्राक्ष माझ्याकडे बघू लागला, प्रधान आभाळाकडे. मी राजाकडेच बघत राहिले.

राजाची मान खाली गेली. "मातीतली बुरशी बघून मलाच किळस आली होती," तो पुटपुटला. मग कारकुनाला म्हणाला, "माळीण निर्दोष. लिही."

"आणि दोषी, महाराज?"

"राजा रिपुंजय."