कोरा फ्लॅश

घाटमाथ्यावरच्या एका गावात, जिथे वर्षातले चार महिने धुकं माणसांच्या आधी घरात शिरतं, एकदा एक वृद्ध फोटोमास्तर राहत होते. त्यांच्या स्टुडिओत आता फारसं कोणी येत नसे. मागचा रंगवलेला पडदा मात्र त्यांनी काढला नव्हता. त्यावर एक सरोवर होतं, दोन हंस होते, आणि गुलाबी रंग उडून राखाडी झालेली कमळं होती. दार उघडं राहिलं की धुकं आत येई आणि हळूच त्या सरोवरावर उतरे. मग आत बसलेल्या माणसाला आपण पाण्याच्या या काठावर आहोत की त्या, हे क्षणभर उमगत नसे. मास्तर तसेच तासन् तास बसून राहत.

हेमांगी ही त्यांची एकुलती एक शिष्या. शाळेच्या सुट्टीत ती इथे येऊन बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवरचे डाग भरायला शिकली होती, आणि लग्नाच्या कामांना मास्तरांच्या मागे फ्लॅश धरून उभी राहत होती. पुढे ती गावच्या वाचनालयात ग्रंथपाल झाली. फोटोंचा नाद सुटला, मास्तरांकडे येणंजाणं मात्र राहिलं.

भाद्रपदातल्या एका सकाळी ती आली ती पत्र्याचा एक डबा काखेत मारून.

“मास्तर, खिशात मावेल असा साधा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. रोजच्या वापराला. कोणता घेऊ ते सांगा.”

डब्यात एकतीस कार्डं होती. पुस्तकांची करतात तशी, प्रत्येक कॅमेऱ्याचं एक. वजन, जाडी, झूम, बॅटरी किती टिकते, अंधारात डोळे मिटतो की काय, कोणी काय अभिप्राय दिला, सगळं सुवाच्य अक्षरात. ग्रंथपाल माणूस कॅमेरा निवडायला बसला की असं होतं. मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या बापानेही एवढी चौकशी केली नसती, आणि तो बाप निदान मुहूर्ताच्या धाकाने कुठेतरी थांबतो. हेमांगीच्या डब्यात दर आठवड्याला नव्या कार्डाची भर पडत होती.

“कधीपासून चाललंय हे?” मास्तरांनी विचारलं.

“आषाढापासून.”

“आणि आई कशी आहे?”

हेमांगीने डब्याचं झाकण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. मग सांगू लागली.

आईची स्मृती वर्षभरापासून विरत चालली होती. दिवसा फार जाणवत नसे. हेमांगी तिला बरोबर वाचनालयात नेई, खिडकीपाशी खुर्ची देई, आणि आई तिथे लसूण सोलत, वर्तमानपत्रांच्या घड्या घालत बसे. त्रास संध्याकाळचा. दिवे लागले की आई विचारी, “आज काय झालं गं?” हेमांगी म्हणे, “काही नाही, रोजचंच.” आणि आईचा चेहरा एकदम भेदरून जाई. “काहीच नाही? मग आजचा दिवस गेला कुठं?” एकदा सुरू झालं की झोप लागेपर्यंत ती घरभर दिवस शोधत फिरे. उशीखाली बघे, तांदळाच्या डब्यात हात घालून बघे. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येणार नाही, पण दिवसभराचे चार फोटो संध्याकाळी समोर ठेवलेत तर जीव शांत होईल.

“मोबाइलवर काढून पाहिले,” हेमांगी म्हणाली. “पण मोबाइल उचलला की ती घाबरते. ‘कुणाचा फोन? कोण गेलं?’ म्हणून रडायला लागते. तिच्या काळी फोन आला की कुणी तरी गेलेलंच असायचं ना. म्हणून वेगळा कॅमेरा हवा, आणि तो चुकीचा घेऊन चालणार नाही, मास्तर. दरीपलीकडे तिचं माहेर आहे. झूम चांगला असेल तर ते गावसुद्धा तिला जवळ आणून दाखवता येईल. पण झूम मोठा घ्यावा तर यंत्र जाड होतं, आणि बारीक घ्यावं तर…”

मास्तरांनी हात वर केला. उठून त्यांनी कपाटातून एक जुना चपटा कॅमेरा काढला. साबणाच्या वडीएवढा. त्याची पाठीमागची काच काळी पडली होती. बटण दाबलं की भिंगाची नळी खुर्रकन् बाहेर येई, एवढीच काय ती त्याची हालचाल.

“हा घेऊन जा. आठ दिवस खिशात ठेव. आईचे फोटो काढ.”

“पाठीची काच गेलीय याची. काय निघालं ते दिसणार कसं?”

“दिसायचं नाहीच.”

“आत मेमरी कार्ड आहे?”

“नाही. कोरा आहे. तू नुसतं बटण दाबायचं. मोजायचं नाही, निवडायचं नाही. आणि संध्याकाळी आईला तोंडानं सांगायचं, आज मी काय काय टिपलं ते.”

हेमांगीला हसावं की रडावं कळेना. इथे एकेक संध्याकाळ जिवावर येत होती, आणि गुरूने हातात दिलं काय, तर मेलेलं खेळणं! पण लहानपणापासून ज्यांच्यापुढे मान वर केली नाही, त्यांच्यापुढे आता कुठे करणार. तिने तो खिशात घातला आणि कार्डांचा डबा तिथेच टेबलावर ठेवून ती धुक्यात निघून गेली.

पहिल्या दिवशी तिने सहा-सात वेळाच बटण दाबलं, तेही चोरून, वाचनालयात कोणी बघत नाही असं पाहून. कोऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढणारी बाई म्हणजे गावाला आठवडाभराची करमणूक. दुसऱ्या दिवशी संकोच थोडा गेला. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की हात खिशाकडे जाण्याआधी आपण आईकडे बघतो आहोत. नीट, बराच वेळ. गेल्या दोन महिन्यांत तिने एवढ्या वेळा फक्त कार्डांकडे पाहिलं होतं, आणि हे जाणवलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

खिडकीतून धुकं आत आलं की आई त्याला मांजराला हाकलावं तसं हाताने हाकलत असे: “हुड्, चल बाहेर.” वर्तमानपत्राची घडी चुकली की ती घडी तशीच पाठीमागे लपवी. चहाच्या वाफेवर आधी डावा गाल धरी, मग उजवा. कुंकू रोज थोडं डावीकडे सरकलेलं असे. हे सगळं कधीपासून होतं कोण जाणे. हेमांगी बटण दाबत राहिली, नळी खुर्र करत राहिली, आणि आईला तो आवाज इतका सवयीचा झाला की एकदा ती म्हणाली, “तुझं पाखरू आज फार बोलतंय.”

संध्याकाळी हेमांगी सांगू लागली. आज तू धुक्याला हाकललंस. आज तू चहाला दोन्ही गाल शेकलेस. आई ऐके, कधी हसे, पण थोड्या वेळाने विचारी, “खरंच? दाखव बरं.” आणि दाखवायला काही नसे. आठव्या संध्याकाळी तर आई तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “तू माझी समजूत घालतेस. असं काही झालंच नसणार.” त्या रात्री हेमांगी फार रडली.

नवव्या दिवशी ती स्टुडिओत आली ती तरातरा. कॅमेरा तिने टेबलावर जवळजवळ आपटलाच.

“मास्तर, तुमच्याबद्दल मला आदर आहे म्हणून गप्प राहिले. पण माझे आठ दिवस तुम्ही फुकट घालवलेत. असे दिवस, मास्तर, की पुन्हा मिळायचे नाहीत! आणि माझ्याकडे त्यातला एकही फोटो नाही.”

“आणि त्याआधीचे दोन महिने कोणी घालवले?” मास्तरांनी शांतपणे विचारलं.

हेमांगीची नजर टेबलावरच्या आपल्या डब्याकडे गेली.

मास्तरांनी कॅमेरा उचलला. खालचं झाकण नखाने सरकवलं, आणि आतून पोस्टाच्या तिकिटाएवढं निळं मेमरी कार्ड काढून समोरच्या संगणकात घातलं.

संगणकाचा पडदा उजळला. एकेक चौकट भरू लागली. धुक्याला हाकलणारा हात. पाठीमागे लपवलेली घडी. वाफेवर धरलेला गाल. एकशे चौसष्ट फोटो होते. काही तिरपे, काही हललेले, एकात नुसतंच सरकलेलं कुंकू. हेमांगी पडद्याला हात लावून उभी राहिली.

“तुम्ही तर म्हणालात, कोरा आहे.”

“म्हणालो.” मास्तर खुर्चीत बसले. त्यांची नजर मागच्या सरोवराकडे गेली होती. “हेमांगी, लग्नात आपण कोरा फ्लॅश मारायचो, आठवतं?”

आठवत होतं. रोलमध्ये छत्तीसच फोटो असत. पोरं, लांबचे पाहुणे ‘आमचा एक काढा’ म्हणून मागे लागत. मग मास्तर कॅमेरा डोळ्याला लावत आणि नुसतं फ्लॅशचं बटण दाबत. लख्ख उजेड पडे, आत काही उमटत नसे, आणि लोक खूश होऊन जेवायला जात. या धंद्यातल्या सगळ्यांना ही युक्ती माहीत होती.

“तुझ्या काकूंनाही मी कोराच मारत आलो,” मास्तर आपल्या बायकोबद्दल म्हणाले. “दर दिवाळीला नवी साडी नेसून ती या पडद्यापुढं उभी राहायची. म्हणायची, माझा एक काढा. मी मनात म्हणायचो, रोल गिऱ्हाइकाचा आहे, हिचा काय, पुढं कधी निवांत, चांगल्या उजेडात, चांगल्या कॅमेऱ्यानं काढू. आणि कोरा मारायचो. सव्वीस वर्षं, ती जाईपर्यंत. तिला कळत होतं. फ्लॅश तीच पुसून ठेवायची, तिला कळणार नाही? तरी दर वेळी पदर सारखा करून उभी राहायची. साऱ्या गावाचे चेहरे माझ्या कपाटात आहेत, आणि तिचा एकही नाही. तुझ्या डब्यातली कार्डं पाहिली आणि मला त्यात माझा कोरा फ्लॅश दिसला. आत कार्ड आहे म्हणालो असतो तर तू पुन्हा उजेड मोजत, कोन बघत बसली असतीस. म्हणून खोटं बोललो. जन्मभर भरलेला सांगून कोरा चालवला. एकदा कोरा सांगून भरलेला चालवला, एवढंच.”

बाहेर धुकं दाराशी येऊन थांबलं होतं.

मग मास्तरांनी तिचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. “आता कॅमेरा निवडू. सोपं झालंय ते. बघ, एकशे चौसष्ट फोटोंत दोन हातांपलीकडचं काय आहे?”

हेमांगीने पाहिलं. काहीच नव्हतं. दरीपलीकडचं गाव आठ दिवसांत एकदाही धुक्यातून वर आलं नव्हतं, आणि आईने त्याची आठवणही काढली नव्हती.

“म्हणजे लांबचं ओढणारी नळी तुला नको. सगळे फोटो खिडकीच्या मंद उजेडातले आहेत. तेव्हा कमी उजेडात न डगमगणारं भिंग हवं. आणि एका हातात चहाचा कप असताना दुसऱ्या हातानं झटकन् उघडेल असा. पाठीची काच शाबूत असलेला.” त्यांनी कार्डं चाळली आणि अगदी तळाचं एक बाहेर काढलं. झूम फार थोडा, असं लिहून हेमांगीनेच ते तळाशी टाकलं होतं. “हा घे. आणि याच्यापेक्षा चांगला निघाला असं कुणी सांगायला आलं, तर ऐकू नकोस.”

हेमांगी उठली. पण जाण्याआधी तिने ते निळं कार्ड संगणकातून काढलं, मास्तरांना दाखवून जुन्या कॅमेऱ्यात परत घातलं, आणि म्हणाली, “उभे राहा ना पडद्यापुढं.”

मास्तर उभे राहिले. शर्टाची कॉलर सारखी केली. मग थोडे डावीकडे सरकले, शेजारी एका माणसाची जागा राहील असे. हेमांगीने बटण दाबलं.

त्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मास्तरांच्या यंत्रावर छापून आणलेले बारा फोटो तिने आईपुढे पाटावर मांडले. आईने चष्मा लावला. एकेक फोटो उचलून दिव्याजवळ नेला. धुक्याला हाकलणाऱ्या हाताच्या फोटोपाशी ती थांबली.

“ही म्हातारी कोण गं?”

हेमांगी तिच्या शेजारी टेकली. “तूच आहेस, आई.”

“छे. मी कुठली.” आईने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. तिचा चेहरा हळूहळू निवळत गेला. “कोण का असेना. पण काढणारं घरातलंच माणूस आहे.”

“कशावरून?”

“परक्यापुढं कुणी असं बसतं का?” आई म्हणाली, आणि तो फोटो तिने बाकीच्यांत परत न ठेवता मांडीवर घेतला.

त्या संध्याकाळी दिवस कुठे गेला, असं तिने विचारलं नाही.