नवव्या घराची मागची भिंत

एका नदीच्या वळणावर वीटकामगारांची एक वस्ती होती. तिथली माती मोठी चिवट. तिची वीट भाजून निघाली की दगडाशी टक्कर घ्यायची. आसपासच्या सात गावांतली देवळं, धर्मशाळा, सावकारांच्या माड्या, सगळं याच विटांनी उभं राहिलेलं. विटा थापणारी माणसं मात्र उसाच्या पाचटाच्या खोपटांत राहत होती. आपल्यासाठी कधी वीट रचावी, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

या वस्तीत अठरा कुटुंबं होती, आणि त्यांत भिवरा नावाची एक बाई होती. तिच्या हाताला अशी बैठक होती की ओळंबा न सोडता तिची भिंत सरळ यायची. गवंडीसुद्धा तिने रचलेला कोपरा डोळे भरून पाहायचे. नवरा, म्हातारी सासू आणि तान्ही मुलगी एवढं तिचं घर. घर कसलं, खोपटच.

एका वर्षी, होळीच्या सुमाराला, भट्टीच्या मालकाने निरोप धाडला. खोपटांखालची माती त्याला विटांसाठी हवी होती. मृग लागायच्या आत जागा मोकळी करा, असं त्याने सांगितलं.

वस्ती जवळच्या गावच्या पंचांकडे गेली. पंचांनी बराच खल केला. गावाच्या वरच्या अंगाला एक खडकाळ माळ होता, तिथे कुसळापलीकडे काही उगवत नव्हतं. तो त्यांनी देऊ केला, पण एका अटीवर. मृगाच्या आत माळावर अठराच्या अठरा पक्की घरं उभी राहिली तर माळ वस्तीचा. एकही अपुरं राहिलं, तर माळ परत गावाचा.

जो तो आपापली जागा आखायला धावला. तेव्हा वस्तीतली सगळ्यांत वयस्कर बाई, चिंधाबाई, मध्ये उभी राहिली. तिचं म्हणणं असं पडलं की ज्याने त्याने आपलं बांधायचं म्हटलं, तर धडधाकटांची घरं होतील आणि थकल्याभागलेल्यांची नुसती जोती राहतील. मग अट कशी पुरी होणार? म्हणून सगळ्यांनी मिळून सगळी घरं बांधायची, आणि कोणतं घर कुणाचं हे अगदी शेवटी, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

"कुठलं घर आपलं ते ठाऊक नसलं," ती म्हणाली, "म्हणजे सगळीच आपली."

हे सगळ्यांना पटलं. भिवराला तर फारच पटलं.

मग माळावर काम सुरू झालं. भट्टीत जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या खंगर विटा मालक खड्ड्यात फेकून द्यायचा. त्या पायाला घातल्या. तुटक्या पण पक्क्या विटा निवडून भिंतींना लावल्या. चिखलात भुसा मळून तो सांध्यात भरला. कुंभाराला मातीच्या पाट्या वाहून दिल्या, त्याने बदल्यात कौलं दिली. रानातून बांबू आला. भिवरा कोपरे रचायची आणि बाकीच्यांना शिकवायची, की वरच्या विटेचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर आला पाहिजे, नाहीतर भिंत फाटते. महिन्याभरात आठ घरं उभी राहिली. रस्त्याने जाणारे थांबून बघू लागले.

नवव्या घराची मागची भिंत भिवराकडे होती. त्या दिवशी उन्हाने जीव नकोसा झाला होता. सूर्य कलला, तेव्हा भिंत खांद्याला आली होती आणि निवडलेल्या विटा संपल्या होत्या. खाली जाऊन पुन्हा वाहून आणायच्या, तर दुसरा दिवस मोडणार. भिवराने एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग भिंतीच्या दोन्ही अंगांना होत्या तेवढ्या विटा लावल्या आणि मधल्या पोटात खडी, माती, तुकडे ढकलून दिले. वरून हात फिरवून असं लिंपण केलं की भिंत आरशासारखी दिसू लागली. ते करताना तिच्या मनात एकच हिशेब होता: अठरा घरं, त्यातलं हे एक, ते आपल्याच वाट्याला कशाला येतंय?

तिच्या जोडीला काम करणारा दगडू आला आणि भिंत पाहून खूश झाला. सगळ्यांनी भिवराचा हात वाखाणला. तीही हसली.

पण त्या दिवसापासून तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. दुपारी त्या भिंतीच्या सावलीला बाया भाकरी खायला बसायच्या, तेव्हा ती आपली भाकरी घेऊन लांब उन्हात बसायची. एकदा कुणीतरी त्याच भिंतीला पाठ लावून डुलकी घेतली, तर भिवराने उगाच काम काढून तिला उठवलं. ती स्वतःला समजावत होती, की पडायचीच असेल तर दोन-चार वर्षांनी पडेल. आणि कुणावर पडेल, या विचाराशी येऊन ती थांबत होती.

मृगाला बारा दिवस उरले. अठराही घरांच्या भिंती झाल्या होत्या, नववं धरून तीन घरांवर कौलं चढायची राहिली होती. सकाळी कामं वाटून घ्यायला सगळे जमले, तेव्हा भिवराने उठून सांगून टाकलं की नवव्या घराची मागची भिंत पोकळ आहे, आणि ती मी केली आहे.

मग चिंधाबाईने शांतपणे विचारलं, "असं का केलंस गं?"

भिवराला पुष्कळ कारणं सांगता आली असती. ऊन होतं, विटा संपल्या होत्या. पण ती म्हणाली, "मला वाटलं, हे घर माझ्या वाट्याला येणार नाही."

दगडू तापला. बारा दिवसांत तीन घरं शाकारायची, की उभ्या भिंती पाडत बसायचं? बाहेरून लाकडाचा धिरा द्यावा, लिंपून टाकावं, पंचांना काय कळतंय, असं तो म्हणाला. पुष्कळांनी माना डोलावल्या. भिवराने वाद घातला नाही. पाडणं आणि रचणं मी एकटी करीन, मला कुणाचा हात नको, एवढंच ती बोलली आणि पहार उचलून चालू लागली.

पहिल्याच घावाला लिंपण फुटलं आणि आतली खडी भसाभस बाहेर आली. बघायला आलेले मागे सरकले.

दुपारपर्यंत ती एकटीच राबली. मग तिला दुसऱ्या पहारेचा आवाज ऐकू आला. वळून पाहिलं, तर दगडू पाचव्या घराच्या दाराशी होता. दारावर घातलेली तुळई तो उचकटत होता. ती वाळवीने खाल्लेली होती आणि त्याने वरून काव फासून ती झाकली होती. भिवराकडे न बघताच तो म्हणाला, "माझंही तेच झालं होतं."

संध्याकाळपर्यंत आणखी दोन घरांची डागडुजी निघाली. एकीने सांगितलं की तिने पाया वीतभर उथळ घेतला होता. एकाने न भाजलेल्या विटा तळाला दडवल्या होत्या. कुणी कुणाला बोल लावला नाही. या सगळ्यात पाच दिवस गेले. उरलेले सात दिवस मात्र वस्तीने असं काम केलं की कौलं खालून वर हातोहात जाताना जमिनीला टेकली नाहीत.

शेवटच्या दिवशी पंच आले. त्यांनी बरोबर एक जाणता गवंडी आणला होता. तो घरोघर फिरला, हातोडीने भिंती ठोकून आवाज ऐकत गेला. नवव्या घराच्या मागे तो जरा जास्त वेळ थांबला. भिवराला आता त्याची भीती वाटली नाही. गवंडी परत येऊन पंचांना म्हणाला, की अठराच्या अठरा घरं एकाच माणसाने आपल्यासाठी बांधावीत तशी आहेत. पंचांनी माळ वस्तीच्या नावे केला.

चिठ्ठ्या निघाल्या. भिवराला टोकाचं तेरावं घर मिळालं. नववं एका तरुण कामगाराला मिळालं, आणि त्याच्या बायकोने त्या मागच्या भिंतीशी पाळणा टांगला.

त्या साली मृगाच्या पहिल्याच वादळात गावातली पंधरा छपरं उडाली. माळावरचं एक कौलही सरकलं नाही.

पुढच्या वर्षी दूरच्या खाणीवरचे दगडफोडे माळावर आले. त्यांनाही घरं हवी होती, पदरी फारसं काही नव्हतं. भिंत कशी रचायची ते आम्हाला शिकवा, असं त्यांनी भिवराला विनवलं. भिवराने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि ती म्हणाली, "रचायला तीन दिवसांत शिकाल. आपली चुकलेली भिंत चारचौघांत सांगून पाडता येते का, ते आधी ठरवून या. मग मी येते."

आठवड्याने ते परत आले, आणि भिवरा थापी घेऊन त्यांच्याबरोबर गेली.

तात्पर्य इतकंच: आपल्या वाट्याला न येणारी भिंतही जे खरेपणाने बांधतात, त्यांचीच वस्ती उभी राहते.