नळीच्या तोंडावरचं कुंकू

"मग गंज चढला कुठनं, तेवढं सांगा."

ज्ञानू सुभेदारानं पुन्हा विचारलं. मौला वस्तादांनी नुसता बंदुकीसाठी हात पुढं केला.

मौला शिकलगार हे पलटणीत हत्यारं दुरुस्त करणारे जुने माणूस. ज्ञानू भरती झाला तेव्हा बंदूक पुसायची कशी ते ह्यांनीच शिकवलं होतं, कानाखाली वाजवून. आता ते डोंगराच्या खांद्यावर पिराच्या थडग्याजवळ एकटेच राहत. ज्ञानूला नुसतं ज्ञानू म्हणणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. बाकी सगळ्यांचा तो सुभेदारसाहेब.

बापाची एकनळी बंदूक पाठीला लावून तो डोंगर चढून आला होता. खरं बोलायचं तर विचारायला आलाच नव्हता. निकाल घ्यायला आला होता.

झालं होतं असं. गेल्या खंडेनवमीला शस्त्रं पुजताना त्याच्या सुनेनं, सारिकानं, ओलं कुंकू नळीच्या तोंडाशी बोटांनी ओढलं. चार पाहुणे बसलेले. ह्यानं तिथंच तिला झापली. हे हत्यार आहे, तुझ्या माहेरचं उखळ नव्हे, म्हणाला. लेकानं संध्याकाळच्या गाडीनं बायकोला घेऊन इचलकरंजी गाठली, ते वर्ष झालं तरी उंबऱ्याला पाय नाही. ज्ञानूची बायको तर केव्हाच वर गेलेली. घरात एक ताट, एक तांब्या, आणि ट्रंकेत बंदूक.

आता नवमी पुन्हा तोंडावर आली. लेकाचा फोन आला होता. तिच्याशी एक शब्द नीट बोला, आम्ही येतो. ज्ञानूनं उलटं बोलून फोन ठेवला आणि रागारागानं बंदूक काढून बघितली, तर नळीवर लाल भुरा गंज. सापडलं म्हणाला. कुंकवानंच खाल्ली. वस्तादांनी तेवढं एकदा म्हटलं, की फोन लावून ऐकवायचं होतं.

वस्तादांनी बंदूक मांडीवर घेतली. सांध्यात मोडून नळी उजेडाकडं धरली, एक डोळा झाकून आतून पाहिली. मग बाहेरून नखानं खरवडली. लाल भुकटी नखाखाली बसली.

"तेल?"

"रोज. चुकत नाही, वस्ताद."

"कुंकू कुठं लावलं होतं?"

ज्ञानूनं नळीच्या तोंडाशी बोट दाखवलं.

वस्तादांनी तिथं अंगठा फिरवला. फिरवतच राहिले... ती जागा काळीभोर, झळझळीत होती. गंजाचा एक ठिपका नव्हता.

ज्ञानूनं मान वाकवून बघितलं. डोळे चोळून परत बघितलं.

"पुसताना अख्खी काढतोस खोळीतनं?"

ज्ञानूनं बाजूला पडलेल्या खोळीकडं बघितलं.

"मी काय विचारतोय?"

मग हळूहळू निघालं. अख्खी नाही काढत. सकाळी खोळीतनं नळीचं तोंड तेवढं बाहेर घ्यायचं, सुनेच्या बोटांची जागा तेलाच्या फडक्यानं घासायची, आणि परत सारायची. ती बोटं जातच नव्हती डोळ्यांपुढनं. बाकीची नळी आत सुखरूप आहे असं तो धरून चालला होता. कुणी हात लावणार नाही तर खराब होईल कशी?

वस्तादांनी कातडी खोळ उचलून नाकाशी धरली. आत मूठ घालून फिरवली आणि तळवा ज्ञानूच्या गालाला लावला. ओलसर, गारढोण. ह्या भागातल्या पावसाचं पाणी कातडं पीत बसतं, हे त्यांनीच कधीकाळी शिकवलं होतं, आणि हा शहाणा ते साफ विसरला होता.

"ह्या गंजलेल्या जागेला कुणाचा हात लागला होता?"

"कुणाचा नाही."

वस्तादांनी गंजावर बोट टेकवलं.

"कुणाचाच नाही," ज्ञानू म्हणाला. 

वस्तादांनी खोळ उन्हात दगडावर उलटी टाकली. फडकं तेलात भिजवून नळी पायथ्यापासून घासायला घेतली. थोडी घासून झाल्यावर फडकं ज्ञानूच्या हातात कोंबलं. तो घासू लागला. खाली दरीत कुणाची तरी गुरं हिंडत होती, त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. बाकी काही नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं खिशातला फोन काढून हातात धरला. लेकाचा नंबर समोर आणला. बोट तसंच वर राहिलं.

"वस्ताद... काय सांगू तिला?"

वस्तादांनी बंदूक त्याच्याकडनं काढून घेतली, तोंडाकडनं धरली, आणि डोळे बारीक करून त्या जागेकडं बघितलं.

"सांग... तू हात लावलास तेवढीच जागा शाबूत राहिली."